अँजिओप्लास्टी मनगटातून की जांघेतून? सही करण्याआधी घरच्यांनी हे वाचून घ्या

अमरावती/अकोला : अटॅक आलेल्या माणसाला शहरातल्या दवाखान्यात नेलं की थोड्याच वेळात घरच्यांच्या हातात संमतीचा कागद येतो. डॉक्टर घाईत सांगतात की नस बंद आहे, स्टेंट टाकावा लागेल, हातातून करून पाहू, नाही जमलं तर पायातून करू. कागदावर सही होते, रुग्ण आत जातो आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या लोकांचा खल सुरू होतो. कोणी म्हणतो हातातून केलेलं टिकत नाही, कोणी म्हणतो जांघेतून केलं म्हणजे केस बिघडली असेल, कोणी म्हणतो मनगटातून करायचे जास्त पैसे लागतात. या तिन्ही गोष्टींत तथ्य नाही. पण मनगट आणि जांघ यात फरक मात्र नक्की आहे, आणि तो जिवाशी संबंधित आहे.

काळजाला रक्त पुरवणाऱ्या नसा काळजावरच असतात. त्यात चरबीचा थर बसून आणि वर रक्ताची गुठळी अडकून रस्ता बंद झाला की अटॅक येतो. ही नस उघडायला छाती चिरत नाहीत. शरीरातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या नसेत सुईने छिद्र करून तिथून बारीक नळी काळजापर्यंत सरकवतात, नळीतून केसासारखी तार ब्लॉकेजच्या पलीकडे नेतात, तिच्यावरून फुगा नेऊन फुगवतात आणि त्या जागी जाळीचा छल्ला, म्हणजे स्टेंट, बसवतात. रुग्ण बहुतेक वेळा जागाच असतो, फक्त छिद्राची जागा बधिर केलेली असते. छिद्र मनगटात केलं तर लोक त्याला "हातातून" म्हणतात, जांघेत केलं तर "पायातून". काळजात होणारं काम दोन्हीकडून एकच, स्टेंटही तोच. वावरात जायला दोन धुरे असावेत तसं हे आहे, कोणत्याही धुऱ्यावरून गेलं तरी वावर तेच.

मग फरक कशाचा? तो रस्त्यात होणाऱ्या रक्तस्रावाचा आहे.

आधी जांघ होती, मनगट नंतर आलं

काळजाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी केली, ती जांघेतून. तेव्हाच्या नळ्या जाड होत्या. जांघेतली मोठी धमनी साधारण पेन्सिलीच्या जाडीची असते, त्यामुळे जाड नळी आरामात जायची. मनगटातली अंगठ्याच्या बाजूची धमनी, वैद्य नाडी पाहतात ती, अडीच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे काडीपेटीतल्या काडीएवढी. तिच्यातून काळजापर्यंत जाता येईल असं फार लोकांना वाटत नव्हतं.

कॅनडात माँट्रियलच्या डॉ. लुसियन कँपो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफी, म्हणजे फक्त तपासणी, करून दाखवली. नळ्या आणखी बारीक झाल्या तसं नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमच्या डॉ. फर्डिनांड किमनेय यांनी १९९२ मध्ये मनगटातूनच अँजिओप्लास्टी केली आणि पुढच्या वर्षी स्टेंटही बसवला. आपल्या देशात ही पद्धत रुजवण्यात अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांचं नाव पहिल्या फळीत घेतलं जातं. त्यांनी देशातल्या आणि बाहेरच्याही अनेक डॉक्टरांना ती शिकवली. आज बारीक नळी दोन मिलिमीटरच्या आसपास असते आणि बहुतेक कामं तिच्यातून होतात.

रक्त पातळ, म्हणून जागा महत्त्वाची

अटॅकच्या रुग्णाला पोहोचल्या पोहोचल्या अॅस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या देतात. कॅथलॅबमध्ये हेपारिनचं इंजेक्शनही देतात. काळजातली गुठळी वाढू नये म्हणून हे सगळं लागतंच. पण त्यामुळे सुईने केलेलं छिद्र लवकर बंद होत नाही. अशा वेळी छिद्र कुठं आहे यावर बरंच काही ठरतं.

मनगटातली धमनी कातडीच्या अगदी खाली आणि हाडाच्या वर असते. वरून दाबलं की हाडावर दाबली जाते आणि रक्त थांबतं. रक्त आलं तर डोळ्यांना लगेच दिसतं. काम झाल्यावर हवेच्या फुग्याचा एक पारदर्शक पट्टा मनगटाला बांधतात आणि काही तासांत हवा थोडी थोडी कमी करत तो काढतात. रुग्ण तोवर उठून बसतो, चहा पितो, स्वतःच्या पायाने संडासला जातो.

जांघेत तसं नाही. तिथली धमनी खोल आहे आणि जाड माणसात तर ती सापडायलाच वेळ लागतो. नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हाताने गच्च दाबून धरावं लागतं आणि मग चार-सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडून राहावं लागतं. छिद्र बंद करणारं बूच लावलं तर हा वेळ कमी होतो. कंबरदुखीच्या म्हाताऱ्या माणसाला किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या बुढ्याला हे उताणं पडणंच ऑपरेशनपेक्षा जड जातं. खरा धोका मात्र वेगळा आहे. छिद्र थोडं वर पडलं तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या बाजूला साचत जातं. चादरीवर थेंब नसतो आणि माणूस पांढरा पडत जातो, बीपी खाली येतो. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं.

हा नुसता अंदाज नाही, मोठ्या अभ्यासांत तपासलेलं आहे. २०११ मध्ये रायव्हल नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३२ देशांतले १५८ दवाखाने आणि ७,०२१ रुग्ण त्यात होते, निम्म्यांचं मनगटातून आणि निम्म्यांचं जांघेतून केलं. छिद्राच्या जागी रक्ताची मोठी गाठ जांघवाल्यांत हजारात ३० जणांना झाली, मनगटवाल्यांत १२ जणांना. मृत्यू, पुन्हा अटॅक, लकवा आणि मोठा रक्तस्राव हे सगळं एकत्र मोजलं तेव्हा मात्र दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. २०१५ मध्ये मॅट्रिक्स हा ८,४०४ रुग्णांचा युरोपातला अभ्यास आला. त्यात मनगटवाल्या गटात हजारात १६ मृत्यू होते, जांघवाल्या गटात २२. आकडा लहान दिसतो, पण रोज हजारो अँजिओप्लास्टी होतात हे धरलं तर लहान नाही. म्हणूनच युरोप आणि अमेरिकेच्या हृदयरोग संस्थांनी अटॅकच्या रुग्णात मनगटाला पहिली पसंती द्यावी, असं आपल्या मार्गदर्शक नियमांत लिहिलं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅनडात २,२९२ मोठ्या अटॅकच्या रुग्णांवर सफारी-स्टेमी अभ्यास झाला. त्यात महिनाभरातल्या मृत्यूंत दोन्ही रस्त्यांत फरक सापडला नाही. हात सरावलेला असेल, औषधं जपून वापरली असतील तर जांघेतूनही चांगलं होतं, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, मनगट बरं हे खरं, पण जांघेतून केलं म्हणून डॉक्टरची चूक झाली असं म्हणता येत नाही.

"हातातून म्हणले, अन् जांघंतून काऊन केलं?"

वाद इथंच होतात. रुग्णाला आत नेण्याआधी मनगटाबरोबर जांघेचेही केस काढतात, तेव्हाच काही घरचे बिचकतात. कारण साधं आहे. मनगटातून सुरुवात केली तरी सगळ्यांचं तिथून होत नाही. रायव्हलच्या त्या अभ्यासात मनगटातून सुरू केलेल्या शंभरातल्या सात-आठ जणांना दुसऱ्या जागी जावं लागलं होतं. त्या वेळी पुन्हा तयारीत वेळ जाऊ नये म्हणून जांघ आधीच तयार ठेवतात.

मनगटातली नस बारीक आहे, तार लागली की ती आकसते. लहान चणीच्या बायांमध्ये हे जास्त होतं. हात दुखतो, नळी पुढं सरकत नाही. त्यावर नस सैल करणारी औषधं देतात, तरीही कधी जमत नाही. म्हाताऱ्या माणसात खांद्याजवळची नस नागमोडी झालेली असते. बीपी एकदम खाली गेलेल्या रुग्णाची तर मनगटावर नाडीच लागत नाही. ब्लॉकेज चुन्यासारखं कडक असेल आणि घासायचं मोठं यंत्र लागणार असेल, किंवा काळजाला आधार देणारा पंप बसवायचा असेल, तर जाड नळी लागते आणि ती जांघेतूनच जाते. आधी बायपास झालेल्या रुग्णात कोणत्या नसा वापरल्या आहेत ते पाहून ठरवतात. अशा रुग्णाचे जुने कागद आणि सीडी घरी कपाटात राहू नये, सोबतच न्यावी.

डॉक्टर रस्ता बदलतो म्हणतात तेव्हा हुज्जत घालू नये. नस बंद असते तेवढा वेळ काळजाचं मांस मरत असतं. कोणत्या रस्त्याने गेले यापेक्षा किती लवकर गेले याला जास्त मोल आहे. मात्र वेळ घाईची नसेल, ठरवून करायची अँजिओप्लास्टी असेल, तर "तुमच्याकडे नेहमी मनगटातून करता का?" हे विचारायला काहीच हरकत नाही. रोज मनगटातून करणाऱ्या डॉक्टरच्या हाताला ते सोपं असतं.

तालुक्याला इंजेक्शन घेतलं असेल तर

मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून, परतवाड्यावरून अमरावतीला यायचं तर गाडी नीट चालली तरी साडेतीन-चार तास जातात. अटॅकचं निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर जवळच्याच दवाखान्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं आणि मग मोठ्या दवाखान्यात पाठवावं, असा जगभरचा नियम आहे. म्हणजे आपल्या तालुक्यांतल्या बऱ्याच रुग्णांना आधी इंजेक्शन आणि नंतर अँजिओप्लास्टी हाच क्रम लागू पडतो. छातीत दुखलं की सरळ शहर गाठायच्या नादात धारणी, अचलपूर, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय मागे टाकू नका. ईसीजी आधी तिथं काढून घ्या.

या इंजेक्शननंतर रक्त फारच पातळ होतं. अशा रुग्णात जांघेतून रक्त जाण्याचा धोका वाढतो आणि मनगटाचा फायदाही जास्त मिळतो. म्हणून कोणतं इंजेक्शन, किती वाजता दिलं, याची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात नको, सोबत जाणाऱ्याच्या हातात पाहिजे. छातीत दुखतंय म्हटल्यावर गावात "गॅस" समजून कंबरेत सुई टोचतात, तेही टाळावं. नंतर गुठळीचं इंजेक्शन दिलं की त्या सुईच्या जागी आत रक्त साचू शकतं.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी हे नक्की सांगावं

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना दर्यापूर, भातकुली, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागात खारं पाणी आणि किडनीचे रुग्ण हा जुना विषय आहे. मनगटाशी त्याचा थेट संबंध येतो. किडनी निकामी होत आली की डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात. त्यात पुष्कळदा मनगटातली हीच धमनी बाजूच्या शिरेला जोडतात. अँजिओप्लास्टीनंतर काही जणांची ही धमनी आतून बंद पडते, मग तिथं फिस्टुला करता येत नाही.

म्हणून ज्याची किडनी कमजोर आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्याच्या घरच्यांनी हे डॉक्टरला आधीच सांगावं. फिस्टुला झालेला असेल तर तो हात पूर्णपणे सोडायचा असतो. अशा रुग्णात डॉक्टर जांघेचा रस्ता धरतात, आणि त्याच्यासाठी तोच शहाणपणाचा असतो. शिवाय नसा दिसाव्यात म्हणून जे औषध सोडतात त्याचा भार किडनीवर पडतो, त्यामुळे रिपोर्ट लपवण्यात काही फायदा नाही.

बाकीच्यांमध्ये मनगटाची नस बंद झाली तरी हात सहसा वाळत नाही की लुळा पडत नाही. तळहाताला करंगळीच्या बाजूने दुसरी धमनी रक्त पुरवते. पुष्कळांना कळतही नाही. एवढंच की त्या मनगटावर नाडी लागत नाही, तेव्हा गावातल्या वैद्याने हात धरून घाबरून जायचं कारण नाही.

पैशाचं काय

स्टेंट कोणत्या रस्त्याने गेला यावर त्याची किंमत ठरत नाही. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपये आणि साधा ७,२६० रुपये, कर वेगळा. त्यानंतर हे दर वेळोवेळी बदलत गेले, पण मर्यादा कायम आहे. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी लिहून मागा, स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. अकोल्यासह बाकीचं राज्य नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं. पिवळ्या-केशरी कार्डाशिवाय अमरावती, अकोल्यासह चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारावर लाभ देण्यात आला. आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण आहे. योजनेतला दवाखाना आणि त्यात चालू कॅथलॅब या दोन्ही गोष्टी असतील तरच उपयोग, म्हणून १५५३८८ या टोल फ्री क्रमांकावर आधीच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता रुग्ण गाडीत घालून हे शोधणं अवघड जातं. प्रत्येक दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा, पैसे भरायला नंतर.

घरी आल्यावर

मनगटातून झालेला माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो आणि हाताला चिंधीएवढी पट्टी पाहून गावाला वाटतं, काही झालंच नाही. तिसऱ्या दिवशी तो पऱ्हाटीत दिसतो. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला पाहिजेत. मनगटाची जखम चार-पाच दिवसांत भरते. तोवर त्या हाताने बादली, फवारणीचा पंप, कट्टा उचलू नये, फटफटीची मूठ पिळू नये, हात पाण्यात बुडवून ठेवू नये. पण अटॅकमध्ये दुखावलेलं काळीज चार दिवसांत भरत नाही. वखर, डवरणी, ओझं यासाठी काही आठवडे लागतात, आणि किती ते डॉक्टरनेच सांगावं.

जांघेतून झालं असेल तर आठवडाभर उकिडवं बसू नये. आपल्याकडे हेच कठीण, कारण संडास बसायचं, जेवण खाली, चूलही खाली. खुर्चीचं भांडं आणून ठेवावं. खोकला-शिंक आली तर जांघेवर तळहात दाबून धरावा. घरी येताना एसटीत उभ्याने किंवा दुचाकीवर मागे बसून येऊ नये.

मनगटातून रक्त आलं तर बसून हात छातीच्या वर धरावा आणि छिद्रावर दोन बोटांनी घट्ट दाबावं. दर मिनिटाला उघडून पाहू नये. दहा मिनिटांत थांबलं नाही तर १०८. जांघेतून आलं तर वाट पाहायचीच नाही. रुग्णाला लगेच उताणं झोपवावं, दुसऱ्याने छिद्राच्या किंचित वर तळहाताने पूर्ण जोर लावावा आणि तिसऱ्याने १०८ लावावा. हळद, चुना, तंबाखू यातलं काही जखमेवर लावू नये. रक्त दिसत नसलं तरी जांघवाल्या रुग्णाची कंबर किंवा पोट दुखू लागलं, घाम येऊन चक्कर आली, जांघेत धडधडणारी गाठ लागली, पाय गार पडला, तर दवाखाना गाठावा. मनगटवाल्याचा पुढचा हात दगडासारखा टणक झाला, बोटं निळी किंवा बधिर पडली, तर तेच.

रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या मात्र विळा लागला, हिरड्यांतून रक्त आलं, दात काढायचा आहे अशा कारणांनी स्वतःहून बंद करू नयेत. अटॅकनंतर त्या साधारण वर्षभर चालतात. मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होते आणि दुसरा अटॅक पहिल्यापेक्षा वाईट येतो. वेचणीच्या दिवसांत अंग दुखतं म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या त्यांच्यासोबत घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि किडनीही बिघडते. शौचाला डांबरासारखी काळी होत असेल तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावं. खर्रा तर पहिल्या दिवसापासूनच बंद.